तपकिरी चरबी: थंडीत फुलते, उबेत कुठे जाते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. शरीराच्या तापमानाचा धडा साधारण डिसेंबरात येतो, आणि फळ्यावर 'तपकिरी चरबी' असं लिहिलं की दरवर्षी तेच ते हात वर होतात. अलीकडे नातेवाइकांचीही भर पडली आहे. कुणी बर्फाच्या टबात बसलेल्यांचे व्हिडिओ पाठवतं, कुणी स्कॅनचा रिपोर्ट. वहीत साठलेले हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. थंडीत काय होतं ते बहुतेकांना जाणून घ्यायचं असतं. मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: ऊब परत आली की थंडीनं घडवलेल्या गोष्टींचं काय होतं? त्या उत्तरांवर मी जास्त वेळ थांबले आहे.

तपकिरी चरबी नेहमीच्या चरबीपेक्षा वेगळी कशी?

पोटावर, मांड्यांवर साठते ती पांढरी चरबी. तिच्या प्रत्येक पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि बाकीचा संसार कडेला ढकललेला असतो. तपकिरी चरबीच्या पेशीत तेलाचे पुष्कळ बारीक थेंब असतात आणि मधल्या जागेत तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. तंतुकणिका म्हणजे पेशीच्या चुली, अन्न जिथे जाळलं जातं ती जागा. त्यांच्यातल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यामुळे तिला हा रंग येतो.

मुलींना मी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी दाखवते. पांढरी चरबी मोठ्या भोकांच्या मासेमारीच्या जाळ्यासारखी दिसते. तपकिरी चरबी दिसते अनारशाला पडलेल्या बारीक जाळीसारखी. ही अनारशाची जाळी लक्षात ठेवा, पुढे ती बदलताना बघायची आहे.

स्वित्झर्लंडच्या कॉनराड गेसनरनं १५५१ मध्ये मार्मोट या प्राण्याच्या पाठीत हा भाग पाहिला आणि तो धड चरबीही नाही, धड मांसही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे, अशा अर्थाची नोंद केली. त्यानंतर कितीतरी पिढ्या लोक तिला हिवाळझोपेची ग्रंथी समजत होते. तिचं काम उष्णता तयार करणं हे आहे, ते नीट कळायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला.

ती उष्णता तयार कशी करते?

कोयनेचं धरण डोळ्यांपुढे आणा. पाणी उंचावर अडवायचं, खाली टर्बाइनवर सोडायचं आणि वीज काढायची. तंतुकणिका तेच करते, फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन, म्हणजे धनभार असलेले अतिसूक्ष्म कण, असतात. अन्न जाळून मिळालेल्या ऊर्जेवर ती प्रोटॉन आपल्या आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलते. ते परत येताना एका फिरत्या विकरातून (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनातून) येतात आणि एटीपी तयार होतं, पेशीचं रोजच्या व्यवहाराचं चलन.

तपकिरी चरबीत त्याच पटलाला आणखी एक दार असतं, यूसीपी-१ नावाचं प्रथिन. हे दार उघडलं की प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून खाली येतात. एटीपी तयार होत नाही आणि अडवून धरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एरवी पेशीतले एटीपीसारखे रेणू हे दार बंद ठेवतात. तेलाच्या थेंबांमधून सुटलेली मेदाम्लं ते उघडतात आणि तीच मेदाम्लं जळतातही. किल्ली आणि सरपण एकच, ही रचना शिकवताना मला आजही थांबून बघावीशी वाटते.

डुकरांच्या पूर्वजांनी यूसीपी-१ सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून गारठ्यात डुकराची पिलं कुडकुडतात आणि एकमेकांना बिलगून पडतात. त्यांच्याकडे दुसरा उपायच नसतो.

थंडी पडल्याचं या चरबीला कळतं कसं?

तिला स्वतःला फारसं कळत नाही, तिला सांगितलं जातं. त्वचेत गारवा ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांपैकी एक पुदिन्यातल्या मेंथॉलनंही चाळवतं, म्हणून पुदिना जिभेला गार लागतो. तिथून निरोप मज्जारज्जूमार्गे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे जातो आणि तिथून अनुकंपी, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय काम करणाऱ्या, मज्जातंतूंवाटे तपकिरी चरबीपर्यंत येतो. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरएड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारं रसायन झिरपतं आणि मिनिटभरात तेलाचे थेंब फुटू लागतात.

प्रयोगात उंदराच्या तपकिरी चरबीकडे जाणारे मज्जातंतू तोडले, तर बाहेर कितीही गारठा असला तरी ती नेहमीसारखी वाढत नाही. सगळा कारभार त्या निरोपावर चालतो. उबेबद्दलची पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

थंडी आठवडेच्या आठवडे राहिली तर काय होतं?

उंदीर २२ अंशांच्या खोलीतून ४-५ अंशांच्या खोलीत नेला, तर पहिल्या काही तासांत तपकिरी चरबीतले तेलाचे थेंब आटतात. ऊतक आधी बारीक होतं आणि गडद दिसतं. त्याच तासांत पेशीच्या केंद्रकात धांदल उडते. यूसीपी-१ बनवण्याच्या सूचना अनेक पटींनी वाढतात. थायरॉईडचं संप्रेरक पेशीतल्या पेशीतच जास्त जोरकस रूपात बदललं जातं. पीजीसी-१-अल्फा नावाचं प्रथिन नव्या तंतुकणिका उभारायला घेतं.

मग पेशी विभागू लागतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कारण चुली वाढल्या की प्राणवायूही जास्त लागतो, आणि तयार झालेली ऊब अंगभर वाहून न्यायलाही रक्तच लागतं. दोन-तीन आठवड्यांत तपकिरी चरबी आधीच्या कितीतरी पट काम करू लागते. गंमत म्हणजे ती या काळात एकीकडे चरबी जाळते आणि दुसरीकडे रक्तातल्या साखरेपासून नवी चरबी बनवतेही, म्हणजे सरपण संपायला नको.

याच काळात पांढऱ्या चरबीतही, विशेषतः त्वचेखालच्या, काही पेशी फिकट तपकिरी होतात. त्यांना बेज पेशी म्हणतात. त्या दिसतात तपकिरी चरबीसारख्या, पण त्यांचं कूळ वेगळं आहे. अस्सल तपकिरी पेशी स्नायूंच्या जवळच्या वंशातून येतात, बेज पेशी पांढऱ्या चरबीच्या घरातल्या आहेत. ऊब परतल्यावर याच फरकानं मोठा बदल घडतो.

आणि कुडकुडणं? ते सुरुवातीचं साधन आहे. पहिल्या दिवसांत उंदीर थरथरून ऊब मिळवतो. तपकिरी चरबी तयार झाली की थरथर ओसरते. १९७८ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे डेव्हिड फॉस्टर आणि लोरेन फ्रिडमन यांनी थंडीला सरावलेल्या उंदरांच्या वेगवेगळ्या अवयवांकडे जाणारं रक्त मोजलं. थरथरीशिवाय तयार होणाऱ्या उष्णतेतला निम्म्याहून मोठा वाटा शरीराच्या वजनाच्या १-२ टक्के असलेल्या या चरबीचा निघाला. त्याआधी सगळ्यांचा संशय स्नायूंवर होता.

यूसीपी-१ नसलेले उंदीर एकदम ४ अंशांत ठेवले तर गारठून मरू शकतात. हळूहळू सरावले तर जगतात, पण आठवड्यांनंतरही थरथरतच राहतात. ती मेहनत वाचवणं हेच तपकिरी चरबीचं काम.

मोठ्या माणसांत ती असते का? पुस्तकात तर फक्त बाळांत असते असं आहे.

जुन्या पुस्तकात तसं आहे आणि आम्हीही तसंच शिकलो. १९८१ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर काम करणाऱ्या लोकांच्या शवांमध्ये गळ्याभोवती तपकिरी चरबी सापडली होती, पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग २००९ मध्ये बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू इथल्या गटांचे तीन लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि शंका मिटली. मास्ट्रिख्टच्या अभ्यासात २४ पुरुषांना १६ अंशांच्या खोलीत बसवलं, तर २३ जणांत ती पेटलेली दिसली. त्याच वर्षी जपानमधल्या अभ्यासात ती हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी दिसते, हेही पुढे आलं.

मोठ्या माणसात ती मान, कॉलरबोनच्या वरचा खळगा, पाठीचा कणा आणि मूत्रपिंडांच्या आसपास असते. बायकांमध्ये, तरुणांमध्ये आणि सडपातळ लोकांमध्ये जास्त आढळते. वय आणि वजन वाढेल तशी कमी होते.

पेट स्कॅनच्या रिपोर्टात 'ब्राऊन फॅट' लिहिलं आहे. घाबरायचं का?

त्या शब्दाला घाबरू नका. माझ्या मावशीच्या स्कॅनला मी सोबत गेले होते. इंजेक्शनच्या आधी तिथल्या सिस्टरनं तिला गळ्यापर्यंत ब्लँकेट पांघरलं आणि म्हणाली, "आजी, अजिबात थंडी वाजू द्यायची नाही." बाहेरच्या बाकावर एसीचा झोत सरळ अंगावर येत होता, तिथून तिनं मावशीला आधीच उठवून आत घेतलं होतं.

कारण साधं आहे. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात आणि जिथे साखर जास्त खेचली जाते ती जागा उजळ दिसते. गाठ साखर खेचते, आणि थंडी वाजलेल्या माणसाची तपकिरी चरबीही खेचते. २००० नंतर पेटबरोबर सीटी जोडलं गेलं, तेव्हा मानेतले हे उजळ डाग चरबीत आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट दिसू लागलं. मोठ्या माणसातल्या तपकिरी चरबीचा शोध अशा 'नको असलेल्या' डागांतूनच लागला. रिपोर्टात तो शब्द असेल तर डाग ओळखला गेला आहे एवढाच त्याचा अर्थ. बाकी रिपोर्ट मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

आता मुख्य प्रश्न: ऊब परत आली की काय होतं?

थंडीला सरावलेला उंदीर ३० अंशांच्या खोलीत आणून ठेवू. ३० का? कारण उंदराला त्या तापमानात ऊब मिळवण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. आपल्याला सुखाचं वाटणारं २२ अंश त्याच्यासाठी गारठ्याचंच असतं.

सगळ्यात आधी निरोप थांबतो. मज्जातंतूंतून येणारं नॉरएड्रेनॅलिन मिनिटांत ओसरतं, थेंब फुटायचे थांबतात, मेदाम्लं कमी झाली की यूसीपी-१ चं दार पुन्हा बंद होतं. यंत्र जागेवर आहे, फक्त विझलं आहे. नव्या यूसीपी-१ साठीच्या सूचना पुढच्या काही तासांत, दिवसभरात घसरतात. तयार झालेलं प्रथिन मात्र इतक्यात जात नाही, ते दिवसांच्या हिशेबानं कमी होतं. ऊतकाचं वस्तुमान आणि पेशींची संख्या त्याहून सावकाश, आठवड्यांच्या हिशेबानं. थोडक्यात, निरोप, सूचना, प्रथिन, पेशी या क्रमानं उतरण होते. ज्याला घडायला वेळ लागला, त्याला मोडायलाही वेळ लागतो.

आता स्लाइडकडे परत या. रिकामे झालेले थेंब पुन्हा भरतात, एकमेकांत मिसळतात, आणि अनारशाची बारीक जाळी हळूहळू मोठ्या भोकांच्या जाळ्यासारखी होत जाते. रक्तवाहिन्या विरळ होतात. रंग फिका पडतो. पाहणाऱ्याला वाटावं की ही पांढरी चरबीच आहे.

तंतुकणिकांचं काय होतं, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. त्या आपोआप झिजून जात असतील असं वाटतं, पण पेशी त्यांना पद्धतशीर गिळते. नको असलेल्या तंतुकणिकेभोवती पटलाची पिशवी तयार होते, ती पिशवी पाचक विकरांच्या कप्प्याला जाऊन मिळते आणि आतला माल विरघळवून पुन्हा वापरला जातो. या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटानं बेज पेशींमधली ही क्रिया रोखून पाहिली. थंडीसारखी चेतना थांबवल्यावरही त्या पेशी बऱ्याच काळ बेजच राहिल्या आणि पांढऱ्या झाल्या नाहीत. म्हणजे ऊब परतल्यावर पेशी नुसती सुस्तावत नाही, ती स्वतःहून आवराआवर करते. चुली पेटत्या ठेवायला इंधन लागतं. रानातल्या प्राण्यासाठी ते फार महाग असतं.

मग सगळं पुसलं जातं का? पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

इथे अस्सल तपकिरी आणि बेज यांच्यातला फरक कामाला येतो.

अस्सल तपकिरी पेशी उबेत फिकी दिसली तरी आतून तपकिरीच राहते. तिची जनुकं वाचण्याची पद्धत फारशी बदलत नाही. बेज पेशीचं वळण मात्र पांढऱ्या पेशीसारखं होतं. ती मरत नाही, वेष बदलते. झुरिकच्या गटानं २०१३ मध्ये पेशींवर कायमची खूण ठेवून हे दाखवलं. थंडीत बेज झालेल्या पेशी ऊब मिळाल्यावर काही आठवड्यांत पांढऱ्या दिसू लागल्या, आणि पुन्हा थंडी आल्यावर त्यांच्यातल्याच अनेक पेशी पुन्हा बेज झाल्या. २०१८ च्या एका अभ्यासानं आणखी पुढची गोष्ट दाखवली: पांढऱ्या झालेल्या या पेशींच्या डीएनएभोवतीच्या गुंडाळीत आधीच्या थंडीच्या खुणा उरतात. पुस्तक मिटलं तरी पानात खूण घातलेली राहावी तशा. दुसऱ्या थंडीत तेच पान लवकर उघडतं.

हे सगळं उंदरांत दिसलेलं आहे, हे मी वर्गात दोनदा सांगते.

माणसात ऊब परतल्याचा पुरावा काय?

दोन गोष्टी सांगते. पहिली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. मोजके निरोगी तरुण चार महिने तिथे राहिले. दिवसा आपापल्या कामाला जायचे आणि रात्री तापमान ठरवलेल्या खोलीत झोपायचे. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४, चौथा २७. १९ अंशांच्या महिन्यानंतर तपकिरी चरबी सुमारे ४२ टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. २४ चा महिना आला आणि वाढ परत खाली उतरली. २७ च्या महिन्यानंतर ती आणखी दबली. माणसं थोडी होती, पण एकाच माणसात चढ आणि उतार दोन्ही दिसले, म्हणून हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. मुंबईचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ च्या आसपास असतं, हे या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांची, त्यांना हेन्यो म्हणतात. समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले, समुद्री भाज्या काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७० च्या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत, हिवाळ्यात १० अंशांच्या आसपासच्या पाण्यात उतरायच्या. १९६० च्या दशकात संशोधकांनी मोजलं, तेव्हा हिवाळ्यात त्यांचा विश्रांतीतला चयापचय गावातल्या इतर बायकांपेक्षा बराच वाढलेला दिसला. मग रबरी पोहण्याचे पोशाख आले. अंग गार पडेना. आणि काही वर्षांत ती वाढ नाहीशी झाली. त्यांची तपकिरी चरबी कुणी मोजलेली नाही, त्यामुळे सगळं श्रेय तिला देता येत नाही. पण पाणी तेच, काम तेच, बाई तीच, आणि फक्त ऊब मिळाल्यावर शरीरानं जुनी सवय सोडली, एवढं तरी त्यातून दिसतं.

हिवाळझोप घेणाऱ्या प्राण्यांत ती काय करते?

तिथे ती स्वतःच ऊब परत आणते. आर्क्टिक प्रदेशातली जमिनीवरची खार झोपेत शरीर शून्याच्याही खाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरवते, ही नोंद १९८९ ची. अशी खार मधूनमधून जागी होते, तेव्हा आधी पाठीतली आणि छातीतली तपकिरी चरबी पेटते, हृदय आणि मेंदू गरम होतात, मग कुडकुडणं सुरू होतं, आणि काही तासांत अंग ३६-३७ अंशांवर येतं. तिला बाहेरच्या उन्हाची वाट पाहावी लागत नाही.

वजन उतरवायला थंड पाण्यानं अंघोळ किंवा एसी १८ वर ठेवला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मोठ्या माणसात तपकिरी चरबी थोडीच असते, बहुधा शंभरेक ग्रॅमच्या घरात. ती पेटल्यावर जाळते तेही माफक, आणि थंडीत भूक वाढते हे प्रत्येकाला घरच्या अनुभवानं माहीत आहे.

ज्या प्रयोगांत फरक दिसला, तिथे सौम्य गारवा आणि लांब वेळ होता. नेदरलँड्समध्ये १७ जण १० दिवस रोज ६ तास १५-१६ अंशांत बसले. तेवढ्यात थरथरीशिवायची उष्णतानिर्मिती विश्रांतीच्या वेळच्या १०.८ टक्क्यांवरून १७.८ टक्क्यांवर गेली, आणि त्याच खोलीत त्यांना कमी थंडी वाजू लागली. जपानमध्ये रोज २ तास १७ अंश, असे ६ आठवडे केल्यावर अंगातली चरबी थोडी कमी झाली. चार मिनिटांची गार अंघोळ यात बसत नाही. आणि हे सगळं थांबवलं की पुढे काय होतं, ते वर वाचलंच आहे.

टाइप २ मधुमेहाच्या ८ जणांना १० दिवस असाच गारवा दिल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुमारे ४३ टक्क्यांनी सुधारला. पण तपकिरी चरबीतली वाढ किरकोळ होती, बहुतेक काम स्नायूंनी केलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं श्रेय तपकिरी चरबीला देण्याची हल्ली घाई असते.

रक्तदाब असेल, हृदयविकार असेल, तर बर्फाच्या पाण्याच्या वाटेला जाऊ नका. थंडीनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि एकदम गार पाण्यात उतरल्यावर श्वास आणि हृदयाची लय बिघडू शकते. वजनासाठी एवढा धोका पत्करावा असं त्यात काही नाही.

मिरची खाऊन किंवा गोळी घेऊन ती पेटवता येते का?

मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या जातीचे काही पदार्थ तपकिरी चरबीला थोडे चेतवतात असं दिसलं आहे, पण परिणाम लहान आहे. ठेचा चवीसाठी खावा.

मूत्राशयाच्या त्रासासाठी वापरलं जाणारं मिराबेग्रॉन हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर तपकिरी चरबी पेटते, पण नाडी आणि रक्तदाबही वाढतो. ते वजनाचं औषध म्हणून घेऊ नये.

आणि एक नाव नीट वाचा: डायनायट्रोफिनॉल. हे रसायन यूसीपी-१ सारखंच प्रोटॉनना वळसा घालायला लावतं, पण एका ऊतकात नाही, शरीरातल्या सगळ्या पेशींत. आणि त्याला थांबवणारं दार नसतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला विकलं गेलं, माणसं अंगातल्या तापानं दगावली आणि १९३८ मध्ये ते बंद झालं. चोरून ऑनलाइन ते आजही मिळतं. त्यावर उतारा नाही. तुमच्या ओळखीत कुणी जिमच्या नादात 'फॅट बर्नर' म्हणून असली पिवळी पूड घेत असेल, तर त्याला आजच्या आज थांबवा.

भाचा कॅनडात असतो. डिसेंबरात नाशिकला आला तर आम्ही स्वेटरमध्ये आणि तो टी-शर्टवर. ही तपकिरी चरबीच का?

थोडीफार असू शकेल, पण थंडी न वाजण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्यांची सवय आणि मनाचा सराव यांचाही वाटा असतो. शिवाय तिथलं घर, गाडी, ऑफिस सगळं तापवलेलं असतं. उणे २० चा आकडा खिडकीबाहेरचा. त्याचं अंग प्रत्यक्षात किती वेळ गार राहतं ते महत्त्वाचं.

बाळाला लहानपणापासून 'थंडीची सवय' लावावी का?

नवजात बाळाला मुळीच नाही. या उत्तरासाठी मी हा सगळा धडा शिकवते.

गर्भात बाळ आईच्या उबेत असतं. जन्मल्यावर ओल्या अंगानं ते एकदम आपल्या खोलीच्या तापमानात येतं. त्याला नीट कुडकुडता येत नाही. पाठीत, मानेत, मूत्रपिंडांभोवती साठवलेली तपकिरी चरबी हाच त्याचा आधार, आणि ती गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत भरते. म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाकडे ती तुटपुंजी असते. ती पेटवायला प्राणवायू आणि साखर खर्च होते. गार पडलेलं बाळ म्हणूनच दूध ओढेनासं होतं, त्याची साखर उतरते, श्वास लागतो. मोठ्या माणसाची तपकिरी चरबी आठवड्यांत सरावते. नवजाताकडे तेवढे आठवडे नसतात.

म्हणून जन्मल्याबरोबर बाळ कोरडं करायचं, टोपरं घालायचं, आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वर पांघरायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरोघर काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं हा त्या शिकवणुकीचा एक भाग होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गावरच्या उपचारांचाही मोठा वाटा होता.

थर्मामीटर नसेल तर आपला हात पुरतो. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायांना. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि तळपाय गार असतील, तर त्याची तपकिरी चरबी आत्ता पेटलेली आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर ती पुरी पडत नाहीये. छातीला धरूनच, पांघरून, दवाखाना गाठा.